मिक्सरचं शेपूट

नाटकांची परीक्षणं येतात, पुस्तकांची येतात, एखाद्या गवयाचा षड्ज कुठे किंचित ढळला हेही वर्तमानपत्रात छापून येतं. पण स्वयंपाकघरातल्या यंत्रांचं परीक्षण कोणी लिहीत नाही. मला हा न्याय उलटा वाटतो. नाटक पडेल निघालं तर तीन तासांत सुटका होते. पुस्तक रद्दीत घालता येतं. पण मिक्सरबरोबर आलेली एखादी अटॅचमेंट वाईट निघाली, तर ती माळ्यावर जाते आणि दर दिवाळीला खाली उतरते. आपण ती पुसतो, "असू दे, लागेल कधीतरी" म्हणतो आणि पुन्हा वर चढवतो. संसारात नवऱ्याखालोखाल इतकी दीर्घ साथ दुसरं कोणी देत नसेल.

तेव्हा ही उणीव भरून काढावी म्हणून मी आज एका अटॅचमेंटचं रीतसर परीक्षण लिहायला बसले आहे. मिक्सरला लावून घरच्या घरी सॉसेज करण्याची ही अटॅचमेंट. ज्यांना सॉसेज हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते : मटण बारीक दळायचं, त्याला मीठमसाला लावायचा आणि तो खिमा जनावराच्या स्वच्छ केलेल्या आतड्यात दाबून भरायचा. मध्ये मध्ये पीळ दिला की लहान केळ्यांची फणी लोंबावी तसं दिसतं. शब्दाच्या मुळाशी जी लॅटिन आहे तिचा अर्थ नुसता 'खारवलेलं' एवढाच. म्हणजे आपल्याकडे जो मान कैरीला, तो तिकडे खिम्याला.

आता तुम्ही म्हणाल, कुरुंदवाडला हे कुठून आलं? बरोबर आहे. पुलापलीकडे नरसोबाची वाडी, तिथली बासुंदी न् पेढे. इकडे कृष्णाकाठची वांगी, खपली गव्हाची खीर. मटणाचं म्हणाल तर कोल्हापूर जिल्ह्यात राहून त्याबद्दल वेगळं काही सांगायला नको. तांबडा, पांढरा, सुकं, खिमा, वजडी, रक्ती. बकऱ्याचा आवाज सोडला तर आम्ही काही वाया घालवत नाही. या सगळ्यात सॉसेजची जागा रिकामी होती असं कोणालाही वाटत नव्हतं. वाटलं ते आमच्या भाच्याला.

भाचा म्हणजे ह्यांच्या बहिणीचा मुलगा. अमेरिकेत असतो. उन्हाळ्यात तो आला तेव्हा त्याच्या एका बॅगेत दोन शर्ट आणि एक मिक्सर होता. त्याच्या बायकोने तिकडे नवा घेतला म्हणून जुना मामीला. मी "अरे, मिक्सर आहे की आपल्याकडे" म्हटलं तर तो हसला. म्हणाला, "मामी, तुमचा तो मिक्सर नव्हेच."

इथे परीक्षकाने थोडा इतिहास सांगायचा असतो, तो सांगते. आपण ज्याला मिक्सर म्हणतो तो खरं तर वाटणारा. पाटा-वरवंट्याचा वारस. परदेशी मिक्सर आपल्या खोबऱ्यापुढे, हळदीपुढे आणि भिजवलेल्या डाळीपुढे टिकत नसत. बिचाऱ्यांची मोटर जळायची. सत्यप्रकाश माथुर हे सीमेन्समधले इंजिनिअर. त्यांच्या पत्नीचा, माधुरीबाईंचा असाच एक परदेशी मिक्सर बंद पडला, आणि बाईंनी नवऱ्याला सांगितलं की आपल्या स्वयंपाकाला टिकेल असा तुम्हीच करा. १९६३ साली 'सुमीत' निघाला तो त्यातून. नवऱ्याला सांगितलेलं काम त्याने केलं आणि त्याचा कारखाना झाला, असं हे मला माहीत असलेलं एकमेव उदाहरण. पुढच्या वीस वर्षांत लग्नाच्या रुखवतात मिक्सर आला आणि पाटा मोरीजवळ गेला.

अमेरिकेतला मिक्सर हा वेगळ्या कुळातला. हर्बर्ट जॉन्स्टन नावाच्या इंजिनिअरने १९०८ च्या सुमारास एका बेकरीवाल्याला लोखंडी पळीने कणीक घोटताना पाहिलं आणि त्याला त्या माणसाची दया आली. त्या दयेतून हे यंत्र जन्मलं. १९१९ मध्ये त्याची घरगुती आवृत्ती निघाली. म्हणजे त्याचं मूळ काम मळणं आणि घोटणं. आपला मिक्सर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतो. तो शे-दोनशे घेतो. ज्या गावात १८ ऑगस्ट १८७२ ला विष्णु दिगंबर पलुस्कर जन्मले त्या गावात राहते म्हणून सांगते, आपला मिक्सर सुरू होतो तोच द्रुत तराण्यात आणि शेजाऱ्यांसकट सगळ्यांना उठवून थांबतो. पाहुणा मिक्सर विलंबितातला. त्याचं घुंऽऽ ऐकत माणसाला झोप यावी. या एका मुद्द्यावर मी त्याला पैकीच्या पैकी गुण देते.

त्याच्या कपाळावर एक भोक आहे. त्या भोकातून मोटरची ताकद बाहेर येते, आणि तिथेच पुढे ही अटॅचमेंट लावायची. आधी खिम्याचं नळकांडं, त्यात मळसूत्र, पुढे चौपाती सुरी, तिच्यापुढे भोकांची चकती; आणि सॉसेज करायचं तर चकतीपुढे एक लांब निमुळती नळी. सगळं लावून झालं की मिक्सरला शेपूट फुटल्यासारखं दिसतं, फक्त ते पुढच्या बाजूला.

हे शेपूट सुरू करायला आणखी एक अवयव लागतो, तो म्हणजे ट्रान्सफॉर्मर. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. ती निम्म्यावर आणणारी विटेएवढी पेटी भाच्याने आणली होती. ती गरम होते, तिच्यावर मांजर बसतं. मिक्सर, पेटी, शेपूट आणि मांजर एवढं सगळं ओट्यावर मांडल्यावर स्वयंपाकाला जागा उरत नाही; पण पुस्तिकेत तसा कुठे उल्लेख नाही.

पुस्तिकेबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण या प्रयोगातलं साहित्य ते हेच. तीन भाषांत आहे, आणि तिन्ही भाषांत बाई एकच आहे. पांढरा एप्रन, रंगवलेली नखं, चेहऱ्यावर समाधान. तिच्या ओट्यावर एक पाकळी, एक पान आणि गुलाबी खिम्याचं एक वाडगं. खिम्यावर माशी नाही, दाराशी मांजर नाही, मागे "झालं का गं?" विचारणारं कोणी नाही. चित्रकाराने ही बाई कोणत्या ग्रहावर पाहिली असेल याचा मी पुष्कळ विचार केला.

शैलीच्या दृष्टीने पाहिलं तर लेखकाचा 'फक्त' या शब्दावर फार जीव आहे. फक्त मांस तयार करून घ्या. फक्त आतडं नळीवर चढवा. फक्त यंत्र सुरू करा. माझा आयुष्यभराचा अनुभव असा की ज्या वाक्यात 'फक्त' येतो त्या वाक्यात एका बाईची दुपार जाते. "फक्त चार माणसं जेवायला येतायत" या वाक्यात किती दुपारी गेल्या, ते हे सांगू शकणार नाहीत. मी सांगू शकेन. 'तयार करून घ्या' हाही असाच गुळगुळीत प्रयोग. कोणाकडून करून घ्या, ते लेखक लिहीत नाही.

पण सगळ्यात महत्त्वाचं वाक्य पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात आहे : ताजं सॉसेज लगेच शिजवा किंवा गोठवा. हे वाक्य पहिल्या पानावर बोटभर अक्षरात हवं होतं, आणि यात माझी अजिबात थट्टा नाही. मटणाच्या तुकड्यावर जंतू असले तर ते वरवर असतात. तुकडा दळला की ते सगळीकडे मिसळतात. त्यामुळे खिमा आतपर्यंत चांगला शिजायला हवा. शास्त्रीय हिशेबाने मध्यभागी ७१ अंश सेल्सियस. आणि आतड्यात कोंडलेल्या, हवा न लागणाऱ्या मांसात एक फार वाईट विष तयार होऊ शकतं. जर्मनीतल्या युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टराने १८२० च्या सुमारास खराब सॉसेज खाऊन मेलेल्या माणसांचा अभ्यास करून त्याविषयी लिहिलं. या गृहस्थांचा दुसरा उद्योग कविता करण्याचा. त्या रोगाचं बॉट्युलिझम हे नावच मुळी सॉसेजच्या लॅटिन नावावरून पडलं आहे. ज्या पदार्थाच्या नावाचा रोग असतो तो पदार्थ हलक्या हाताने घ्यायचा नसतो. पुस्तिकेने मात्र वीस पानं नखांना दिली आणि जिवाला एक ओळ.

असो. प्रयोगाकडे वळते.

प्रथम आतडं. भाचा तिकडे ते मीठ लावलेलं, डब्यात मिळतं असं सांगत होता. इथे ते मिळवायला हे आमच्या नेहमीच्या मटणवाल्याकडे गेले. त्याने सहज विचारलं, "वजडी करताय व्हय?" ह्यांनी खरं सांगितलं. तो सुरी खाली ठेवून बराच वेळ ह्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे आतड्यात मटण भरायचं? आवो, मग बकऱ्यानं काय येगळं केलं हुतं?" बकरं गवत भरायचं, हा बारकावा ह्यांना त्या वेळी सुचला नाही.

आतडं धुणं हे काम काय आहे, ते ज्यांनी वजडी साफ केली आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी केली नाही त्यांना सांगू नये. आतून-बाहेरून उलटायचं, खरवडायचं, मीठ लावून चोळायचं, पाणी बदलत राहायचं. शेवटी हातात राहतो तो पातळ, दुधी, जवळजवळ पारदर्शक पापुद्रा. अशाच आतड्याची तात सारंगीला लावतात. हे ऐकून भाच्याची मुलगी थक्क झाली, आणि मला वाटलं की बकऱ्याच्या पोटात एवढं संगीत असताना माणूस त्यात खिमा कोंबतो, हा संस्कृतीचा प्रश्न आहे. पण पुस्तिकेत यातलं काहीच नाही. तिथे एक ओळ : फक्त धुऊन घ्या.

मग खिमा. सॉसेजच्या खिम्यात चरबी चौथा हिस्सा तरी लागते, आणि ती दळताना गार राहायला लागते. वितळली की ती मांसाला धरून राहत नाही. शिजवताना वेगळी होते आणि आत नुसता कोरडा भुसा उरतो. मीठ घालून खिमा मळायचाही एक हेतू आहे. मिठाने मांसातली प्रथिनं चिकट होतात आणि मिश्रण एकजीव धरतं. हे सगळं मला पटलं. कणकेला मळणं कळतं त्या बाईला हे सांगावं लागत नाही. पण कुरुंदवाडला एप्रिल महिन्यात दुपारी चरबी गार कशी ठेवायची? भाच्याच्या सांगण्यावरून मटण फ्रीझरमध्ये, सुरी फ्रीझरमध्ये, चकती फ्रीझरमध्ये. सासूबाई हे सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "आता तुझ्या मामालाबी ठेव आत घटकाभर. त्योच लई तापलाय."

दळणं मात्र उत्तम झालं. खोटं कशाला बोलू? आपल्या मिक्सरच्या भांड्यात मटण टाकलं तर त्याचा चिखल होतो. वीस हजार फेऱ्यांत त्याला दुसरं काही सुचत नाही. हा सावकाश, दाणेदार, मोकळा खिमा काढतो. परीक्षणाचा पूर्वार्ध इथे संपतो, आणि पूर्वार्धापुरता प्रयोग यशस्वी.

उत्तरार्धात शेपूट लावलं आणि सगळं बिघडलं. नळीवर आतडं चढवायचं, ते पायमोजा गोळा करतात तसं. मग एका हाताने वरून खिमा दाबायचा, दुसऱ्या हाताने पुढे भरत येणारं आतडं धरायचं आणि तिसऱ्या हाताने बटण कमी-जास्त करायचं. पुस्तिकेतल्या बाईला दोनच हात आहेत. तिसरा चित्रकाराने कापला असावा. मळसूत्र फिरतं ते स्वतःच्या लयीत. ते खिमा पुढे ढकलता ढकलता पुन्हा चिरडतं, चिरडता चिरडता गरम करतं. मध्येच हवा जाते आणि आतडं फुग्यासारखं फुगतं. ते सुईने टोचायचं. टोचलं की फुटतं. भाचा "स्लो, मामा, स्लो" म्हणून ओरडत होता, मामा "स्लोच आहे" म्हणत होते, आणि खिमा भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत पोचला होता.

तेव्हा सासूबाई उठल्या. त्यांनी तेलाचं रुंद तोंडाचं नरसाळं आणलं, त्याच्या नळीवर आतडं चढवलं, मला म्हणाल्या, "मी धरतो, तू अंगठ्यानं दाब." आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी धरतो, मी करतो' असंच बोलतात, आणि धरतात तेव्हा ते सुटत नाही. उरलेला दीड किलो खिमा अर्ध्या तासात भरून झाला. एकही फुटलं नाही.

यात चमत्कार नाही, साधं यंत्रशास्त्र आहे, आणि परीक्षणाचा मुख्य मुद्दाही हाच आहे. भोकातून पदार्थ काढायच्या दोन तऱ्हा. एक मळसूत्राची, म्हणजे आपलं हातानं फिरवायचं शेवयांचं यंत्र. दुसरी दट्ट्याची, म्हणजे सोऱ्या. घट्ट, कोरड्या, चिवट पिठाला मळसूत्र चालतं. मऊ, चिकट, न रगडता पुढे सरकायला हवं अशा पदार्थाला दट्ट्याच लागतो. म्हणून तर कुरडईचा गरम चीक आपण सोऱ्यात घालतो, शेवयांच्या यंत्रात नाही. ही अक्कल आपल्याकडच्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. परदेशातही जे लोक सॉसेज गंभीरपणे करतात ते भरण्यासाठी वेगळं दट्ट्याचं यंत्र ठेवतात. ते पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, हा तर चकलीचा सोऱ्या, जरा व्यायाम केलेला. म्हणजे या अटॅचमेंटचा दोष असा की दळणाऱ्या यंत्राला तिने भरायला लावलं. एकाच नटाला नायक आणि नायिका अशी दोन्ही कामं देऊन नाटक मंडळींनी एक पगार वाचवावा, तशातला प्रकार.

पण मला याहूनही मोठा आक्षेप आहे, आणि तो सांगायला जरा घाट उतरून गोव्यात जावं लागेल. सॉसेज हे परदेशी खूळ आहे असं आपल्याला उगाच वाटतं. आंबोलीचा घाट उतरला की ते आहेच. पोर्तुगिजांबरोबर आलं, गोव्याने त्याला चोरीस म्हटलं आणि पार आपलंसं केलं. लाल मिरची, लसूण, ताडामाडाचं व्हिनेगर. डुकराच्या मांसाचे हाताने कापलेले तुकडे मसाल्यात मुरवायचे, आतड्यात भरायचे, उन्हात किंवा धुरावर सुकवायचे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्यांच्या मण्यांसारख्या माळा टांगलेल्या असतात. पावसाळ्याआधी घरात जी बेगमी करायची तिला तिकडे पुरुमेंत म्हणतात. सुके मासे, चिंच, मिरची, सोलं आणि त्यातच ह्या माळा. नदीला पाणी आलं, बाजार बंद पडला, की चुलीवर दोन मणी टाकायचे.

हे ऐकलं आणि मला एकदम ओळख पटली. म्हणजे हा तर आमच्या कुरडईचा मावसभाऊ! आमच्याकडेही एप्रिल-मे हे बेगमीचे महिने. गहू तीन दिवस भिजत घाला, वाटा, चीक काढा, पहाटे चार वाजता शिजवा, ऊन चढायच्या आत सोऱ्याने गच्चीवर घाला. खपलीच्या शेवया. सांडगे. चटणी डंकावर कांडून आणा. यातलं एकही काम एका बाईने केलेलं मी पाहिलेलं नाही. शेवयांच्या यंत्राला एक फिरवणारी, एक पीठ घालणारी, एक काठीवर शेवया झेलणारी आणि एक नुसत्या गप्पा मारणारी. या चौथीला काढून टाकलं तर काम दुप्पट लांबतं. आज आमच्याकडे, उद्या जाऊबाईंकडे, परवा समोरच्यांकडे. आता बचत गटाच्या बायकांनी विजेची यंत्रं आणली आहेत, पण तिथेही जाऊन बघा : यंत्र एक आणि भोवती दहाजणी.

म्हणजे जगात कुठेही गेलात तरी भोकातून काढून वाळवायचा पदार्थ हा दहा हातांचा पदार्थ आहे. वर्षाचं एकदाच करायचं, म्हणून दहा हात लागतात. दहा हात जमतात, म्हणून वर्षाचं होतं. अटॅचमेंटवाल्याने काय केलं? त्या दहा हातांतला एकच हात, कडी फिरवणारा, तेवढा विजेवर चालवला, आणि उरलेले नऊ त्या एप्रनवाल्या बाईच्या अंगावर टाकून दिले. वर तिला सांगितलं, की बाई, आता तुला कोणाची गरज नाही. फक्त तयार करून घे.

खोटं वाटत असेल तर त्या दिवसाचा हिशेब देते, कारण मी घड्याळ लावून बसले होते. आतडं आणणं, धुणं : दोन तास. मटण कापणं, शिरा काढणं, गार करणं : दीड तास. मसाला : अर्धा तास. यंत्र जोडणं, भाच्याचं आणि मामांचं एकमत होणं : पाऊण तास. यंत्र प्रत्यक्ष चाललं : वीस मिनिटं. नरसाळं : अर्धा तास. मग धुणं. मळसूत्राच्या खाचेत चरबी, सुरीच्या चारी पात्यांमागे शिरा, आणि चकतीच्या एकेका भोकात खिम्याचा एकेक दाणा. भोकं मोजली नाहीत, काडीने साफ केली. तो एक तास. त्यात कॅलेंडर धरलेलं नाही. म्हणजे साडेसहा तासांत यंत्राचा वाटा वीस मिनिटांचा. ती वीस मिनिटं यंत्राजवळ हे उभे होते, आणि संध्याकाळी कट्ट्यावर ह्यांनी जे सांगितलं ते मला दोन घरं पलीकडून कळलं : "आज आमच्याकडं मी सॉसेज केले."

यात ह्यांचा दोष थोडा. यंत्राचा स्वभावच तो आहे. बटण ज्याच्या हातात, पदार्थ त्याच्या नावावर.

चवीविषयी न लिहिणं अन्यायाचं होईल. निम्म्या खिम्यात भाच्याने तिकडची सुकी पानं घातली होती, निम्म्यात सासूबाईंनी कांदा-लसूण चटणी. तव्यावर थोड्या तेलात मंद आचेवर परतले. वरचं कातडं कुरकुरीत होतं, दाताखाली फटकन फुटतं आणि आतून रस येतो. भाच्याचे चांगले होते. सासूबाईंचे भाकरीबरोबर संपले. मटणवाल्यालाही दोन पाठवले होते. त्याने निरोप दिला, "बकऱ्यापरास ब्येस भरलंय."

घरी सॉसेज करण्यात एक मोठा अर्थ आहे, तोही नमूद करते. आतड्यात काय भरलंय ते बाहेरून दिसत नाही. हा विश्वासाचा पदार्थ आहे. अमेरिकेत १९०६ साली अप्टन सिंक्लेअरने शिकागोच्या मांस कारखान्यांवर कादंबरी लिहिली, 'द जंगल', तेव्हा तिथल्या लोकांच्या घशाखाली घास उतरेना. त्याच वर्षी सरकारला मांस तपासणीचा कायदा करावा लागला. स्वतः भरलेल्या सॉसेजला कायदा लागत नाही. काय घातलंय ते आपल्याला ठाऊक असतं. फार तर एखादा कॅलेंडरचा तुकडा.

आता शेवटची कसोटी. ती पुस्तिकेतल्या बाईला माहीत नाही, पण कुरुंदवाडात तिच्याशिवाय कुठल्याच यंत्राला गुण मिळत नाहीत. ती म्हणजे पूर. कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही उंबऱ्याशी येऊन बसतात अशी आमच्या गावाची जागा. २००५ ला आल्या, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आल्या, २०२१ ला पुन्हा आल्या. २०१९ चं पाणी ओसरल्यावर दुरुस्तीवाल्याच्या दारात मिक्सरांची रांग लागली होती, दवाखान्यात बसावी तशी. आमचाही त्यात होता. बहुतेकांच्या मोटरमध्ये गाळ. शेवयांचं यंत्र, सोऱ्या, नरसाळं, खिम्याचं जुनं हातयंत्र आणि पाटा या मंडळींना चार बादल्या पाण्याने अंघोळ घातली, उन्हात ठेवलं, आणि दुसऱ्या आठवड्यात ती कामाला लागली. पाणी चढायला लागलं की आम्ही आधी म्हातारी माणसं हलवतो, मग जनावरं, मग कागदपत्रं. बारा किलोचा मिक्सर आणि विटेची पेटी यांचा नंबर कधी लागायचा?

परीक्षणाच्या शेवटी निकाल द्यायचा असतो. खिमा दळण्यासाठी : उत्तम. सॉसेज भरण्यासाठी : नरसाळं आणि सासूबाई घ्या. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत 'फक्त' हा शब्द गाळावा, जिवाची ओळ पहिल्या पानावर घ्यावी, आणि साहित्याच्या यादीत मीठ-मिरीच्या आधी एक ओळ घालावी : माणसं, किमान चार, पैकी एक गप्पांसाठी.

तोवर कोणाला ही अटॅचमेंट मिक्सरसकट हवी असेल तर आमच्याकडे मोफत मिळेल. उचलायला दोघांनी यावं. धुणारं माणूस आपलं आपण आणावं.